टॅगचे नाव आणि मजकुराचा पत्ता

एक्सएमएल फाइलमधून हवा तेवढा मजकूर काढून देणारी साधने आता कोणत्याही संगणकावर फुकट मिळतात. लिनक्सवर एक्सएमएललिंट आणि एक्सएमएलस्टारलेट आहेत, पर्लवाल्यांकडे एक्सएमएल-ग्रेप आहे, पायथनमध्ये एलिमेंटट्री भाषेबरोबरच येते आणि ब्यूटिफुल सूप वेगळी बसवून घेता येते. वापरण्याची रीतही सगळीकडे साधारण एकच: टॅगचे नाव सांगायचे, त्या टॅगच्या उघडत्या आणि मिटत्या खुणांमध्ये जे असेल ते साधन काढून देते. एवढ्या सोप्या कामावर लिहिण्यासारखे काय आहे, असे वाटणे साहजिक आहे. पण मराठी मजकूर पुढे ठेवून हेच काम करून पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते. टॅगचे नाव सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे. तो टॅग कुठला, कशाच्या पोटातला, त्याची कड शब्दाच्या कडेशी जुळते का आणि आतली अक्षरे खरोखर अक्षरेच आहेत का, हे ठरवल्याशिवाय काढलेला मजकूर विश्वासाचा नसतो. हे ठरवणे संपादकाचे काम आहे, आणि ते साधनावर सोपवले जाते तिथे मराठीचे नुकसान इंग्रजीपेक्षा जास्त होते.

उदाहरण म्हणून जबलपूरच्या जुन्या शहरातला दीक्षितपुरा घेऊ. नाव मुद्दाम निवडले आहे. या एका नावात मराठी मजकुराच्या बहुतेक अडचणी सापडतात. समजा, एखाद्या जुन्या अहवालातले एक वाक्य असे खुणा करून ठेवले आहे:

<उतारा><स्थळ>जबलपूर</स्थळ>च्या <स्थळ>दीक्षितपुऱ्यात</स्थळ> राहणाऱ्या मंडळींनी नागपूरला पत्र धाडले.</उतारा>

टॅगची नावे देवनागरीत पाहून कोणी बिचकू नये. एक्सएमएलच्या नियमांत ती पहिल्यापासून चालतात. टॅग इंग्रजीतच हवेत हा केवळ सवयीचा भाग आहे. आता या ओळीतून ‘स्थळ’ मागितले तर ‘जबलपूर’ आणि ‘दीक्षितपुऱ्यात’ असे दोन तुकडे येतात. नागपूर येत नाही, कारण खुणा करणाऱ्याने ते सोडले. साधनाला भूगोल कळत नाही, त्याला खूण कळते. शिवाय आलेल्या दोन तुकड्यांतला पहिला शब्द मूळ रूपात आहे आणि दुसरा विभक्तीसकट. स्थळांची सूची करायची असेल तर ‘दीक्षितपुरा’ शोधणाऱ्याला ही नोंद सापडणारच नाही. म्हणजे खुणा करतानाच कोणीतरी ठरवायला हवे होते की प्रत्यय टॅगच्या आत ठेवायचा की बाहेर, आणि आत ठेवला तर मूळ रूप ॲट्रिब्यूट म्हणून, म्हणजे उघडत्या खुणेतच लिहिलेली जोडमाहिती म्हणून, शेजारी नोंदवायचे. वरच्या ओळीत एकदा एक पद्धत आहे आणि लगेच दुसरी. हाताने खुणा केलेल्या फाइलींत हा प्रकार होतोच.

‘उतारा’ मागितला तर गंमत वाढते. त्याच ओळीतून, त्याच टॅगच्या नावाने, चार वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात. पायथनच्या एलिमेंटट्रीला एखाद्या घटकाचा ‘टेक्स्ट’ विचारला, तर ती पहिल्या पोटटॅगच्या आधीचा मजकूरच देते. त्यानंतरचा मजकूर ती त्या पोटटॅगची ‘टेल’, म्हणजे शेपूट, म्हणून वेगळा ठेवते. आपला उतारा सुरूच होतो तो ‘स्थळ’ या टॅगने. त्यामुळे उत्तर रिकामे येते, आणि उतारा रिकामा आहे असे समजून पुढचा प्रोग्रॅम तो टाकून देतो. पोटातले सगळे तुकडे जोडून मागितले, तर पूर्ण वाक्य नीट मिळते. तुकडे जोडताना मध्ये जागा सोडायला सांगितली, आणि ब्यूटिफुल सूप वापरणारे अनेक जण सवयीने तसे सांगतात, तर ‘जबलपूर च्या दीक्षितपुऱ्यात’ असे येते. ‘च्या’ एकटाच उभा राहतो. प्रत्येक तुकड्याच्या कडांवरची मोकळी जागा छाटायला सांगितली आणि जोडताना काहीच घातले नाही, तर ‘जबलपूरच्यादीक्षितपुऱ्यातराहणाऱ्या’ असा लांबलचक शब्द जन्माला येतो. चारही वेळा साधनाने सांगितले तेच केले आहे.

इंग्रजी मजकुराला यातली जागेची गफलत फारशी भोवत नाही. तिथे नावाशी संबंध दाखवणारे शब्द बहुतेक सुटे आणि नावाच्या आधी येतात. नावाभोवती टॅग घातला की त्याच्या दोन्ही बाजूंना आपोआप मोकळी जागा असते. मराठीत संबंध शब्दाला चिकटून येतो. टॅगची कड आणि शब्दाची कड एकच, हे ज्या साधनांच्या सवयींमध्ये गृहीत धरलेले असते, त्या सवयी मराठीवर चालवल्या की ‘ने’, ‘ला’, ‘च्या’, ‘हून’ यांचे अनाथ तुकडे फाइलभर सांडतात. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्याला मग ‘च्या’ हा मराठीतला फार लोकप्रिय शब्द वाटू लागतो.

हे फक्त मुद्दाम खुणा केलेल्या फाइलींचे दुखणे आहे असेही समजू नये. ऑफिस 2007 पासून वर्ड जी डॉक्सएक्स फाइल बनवते, ती खरे तर झिप करून ठेवलेली एक्सएमएल फाइलींची पिशवी असते. तिच्यातला मजकूर ‘डब्ल्यू-टी’ नावाच्या टॅगांत असतो. वर्ड एकसलग दिसणाऱ्या ओळीचेही तुकडे करते: मधला शब्द ठळक केला म्हणून, शुद्धलेखन तपासणीने खूण केली म्हणून, किंवा कोणी नंतर येऊन दुरुस्ती केली म्हणून. आधी ‘दिक्षितपुरा’ असे ऱ्हस्व लिहिलेले कोणी नंतर ‘दीक्षितपुरा’ केले असेल, तर पडद्यावर एक दिसणारा शब्द फाइलमध्ये दोन टॅगांत वाटलेला असू शकतो. ‘डब्ल्यू-टी’ मागून तुकड्यांमध्ये जागा घालणारे साधन त्याचे ‘दी क्षितपुरा’ करते. तुकडा ऐन मात्रेवर पडला तर दुसऱ्या भागाची सुरुवात एकट्या वेलांटीने होते आणि पडद्यावर तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. मराठी मजकुरात असे वर्तुळ दिसले, की दोषी कळफलक किंवा फॉन्टच असतो असे नाही. पुष्कळदा मजकूर काढणाऱ्याने चुकीच्या जागी जोड दिलेला असतो.

अक्षरांचा प्रश्न याहून खोल आहे. एक्सएमएल ज्याला मजकूर म्हणते ती संगणकाच्या दृष्टीने चिन्हांची माळ असते, आणि ती माळ मराठी आहे की नाही याच्याशी टॅगला कर्तव्य नसते. जबलपुरात, किंबहुना सगळ्या मध्य प्रदेशात, कृती देव या फॉन्टमध्ये टंकलेले कागद ढिगाने आहेत. त्या फॉन्टमध्ये रोमन चिन्हांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. ‘दीक्षितपुरा’ हा शब्द तिथे दहा चिन्हांनी लिहिला जातो: एन, एच, एफ, महिरपी कंस, के, आर, आय, क्यू, जे, के. युनिकोडमध्ये तोच शब्द अकरा चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-8 मध्ये तेहतीस बाइटांचा. शिवाय कृती देवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, जशी ती कागदावर दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, जशी उच्चारली जाते तशी. म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवले की काम झाले, असे नाही. क्रमही बदलावा लागतो. टॅगने काढलेला मजकूर इथे अगदी बिनचूक आणि तरीही वाचता न येणारा असतो, कारण त्याचा खरा अर्थ फॉन्टच्या नावात होता आणि फॉन्टचे नाव दुसऱ्या टॅगच्या ॲट्रिब्यूटमध्ये मागे राहिले.

याच फॉन्टचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. कृती देवमध्ये ‘ढ’ काढायला ‘पेक्षा लहान’ हे गणितातले चिन्ह वापरतात. एक्सएमएलमध्ये नेमक्या त्याच चिन्हाने टॅग उघडतो. त्यामुळे मजकुरात ते जसेच्या तसे ठेवता येत नाही. त्याऐवजी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम अशी चार चिन्हांची सांकेतिक जोडणी लिहावी लागते. जे साधन एक्सएमएल खऱ्या अर्थाने वाचते ते ही जोडणी उलगडून मूळ चिन्ह परत देते. जे साधन फाइलकडे नुसत्या ओळी म्हणून पाहते ते चारही चिन्हे तशीच पुढे ढकलते. मग फॉन्ट बदलणारा प्रोग्रॅम येतो आणि त्या चार चिन्हांना कृती देवची अक्षरे समजून प्रत्येकाचे रूपांतर करतो. अँपरसँडची आडवी रेघ होते, एलचा ‘स’, टीचा ‘ज’ आणि अर्धविरामाचा ‘य’. जबलपूरजवळ गोंड राजांची जुनी राजधानी होती त्या ‘गढा’ गावाचे नाव या वाटेने गेले, तर बाहेर पडते ‘ग-सजया’. इंटरनेटवरच्या हिंदी बातम्यांत अधूनमधून दिसणारे ‘ब-सजय’ सारखे विचित्र शब्द याच घाईची खूण आहेत. फॉन्ट बदलणाऱ्याला त्यावरून बोल लावला जातो. खरी चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झालेली असते.

युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे सुटलो, असेही नाही. ‘दीक्षितपुऱ्यात’ मधला ‘ऱ्या’ पाहा. हा चंद्रकोरी ‘र’ संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन मग हलन्त लावून. पडद्यावर तिन्ही सारखे. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिली आणि तिसरी तऱ्हा एक करते, दुसरी वेगळीच राहते. एक्सएमएल वाचणारे साधन तर कोणतेच प्रमाणीकरण करत नाही. टॅगचे नाव ते चिन्हाला चिन्ह लावून ताडते. कोणी टॅगचे नाव ‘पुऱ्यातील_घरे’ असे ठेवले आणि शोधणाऱ्याच्या कळफलकाने ‘ऱ्या’ दुसऱ्या तऱ्हेने लिहिला, तर शोध शून्यावर येतो आणि दोन्ही नावे डोळ्यांना एकच दिसत राहतात. आणखी एक बारकावा: ते अदृश्य जोडचिन्ह एक्सएमएल 1.0 च्या पहिल्या चार आवृत्त्यांत टॅगच्या नावात चालतच नव्हते. 2008 च्या पाचव्या आवृत्तीने ते चालू केले. देवनागरी टॅग जरूर वापरावेत, पण नावांत चंद्रकोरी ‘र’ टाळावा, एवढी काळजी पुरते.

जबलपूरच्या कागदांची म्हणून एक खास अडचण आहे आणि ती इतिहासातून आली आहे. 1781 मध्ये गढा-मंडला मराठ्यांच्या सागरच्या अंमलाखाली आले, 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, आणि स्वातंत्र्यानंतर नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश, या रचनेत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात राहिले. हिंदी आणि मराठी दोन्हीही त्या राज्याच्या भाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 ला ही जोडी तुटली. एवढा काळ एकत्र काढलेल्या प्रदेशातल्या संस्थांच्या कागदांत एकाच पानावर दोन्ही भाषा आल्या तर नवल नाही. ठराव हिंदीत आणि त्यावरची चर्चा मराठीत, पत्ता हिंदीत आणि मायना मराठीत. लिपी एकच. टॅगही एकच: ठराव म्हणजे ठराव, पत्र म्हणजे पत्र. टॅगच्या नावाने काढलेल्या मजकुरात या दोन भाषा पाण्यात पाणी मिसळावे तशा मिसळतात आणि लिपीवरून त्या परत वेगळ्या करता येत नाहीत.

यावर एक्सएमएलमध्ये पहिल्यापासून सोय आहे. कोणत्याही टॅगला भाषेचे ॲट्रिब्यूट लावता येते. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’ असे दोन अक्षरी संकेत ठरलेले आहेत. हे ॲट्रिब्यूट वारशाने खाली उतरते: अख्ख्या अहवालावर एकदा मराठी लिहिले की आतला प्रत्येक परिच्छेद मराठी ठरतो, आणि मधल्या एखाद्या ठरावावर हिंदी लिहिले की तेवढाच भाग हिंदी. पण वारसा असल्यामुळेच टॅगचे नाव इथे निरुपयोगी होते. परिच्छेदावर स्वतःवर काहीच लिहिलेले नसते. त्याची भाषा त्याच्या आज्यावर किंवा पणज्यावर लिहिलेली असते. परिच्छेद उपटून बाहेर काढला की भाषा तिथेच राहते. एक्सपाथ या शोधभाषेत, जिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 1999 मध्ये आली, नेमके याचसाठी एक फंक्शन दिलेले आहे, जे वर चढत जाऊन घटकाची भाषा सांगते. एक्सएमएललिंट आणि एक्सएमएलस्टारलेट दोघांनाही एक्सपाथ कळते. म्हणजे साधन तेच, फक्त त्याला विचारायचा प्रश्न ‘परिच्छेद दे’ याऐवजी ‘ज्याची भाषा मराठी आहे असा, अहवालाच्या चर्चेतला परिच्छेद दे’ असा हवा. दीक्षितपुऱ्यात जाऊन नुसते ‘दीक्षितांचे घर कुठे’ विचारावे तसे नुसत्या टॅगच्या नावाचे आहे. एक्सपाथ गल्ली आणि घर सांगते.

पत्त्याशिवाय काय होते याचा मोठा आणि कोणालाही तपासून पाहता येईल असा नमुना म्हणजे मराठी विकिपीडिया. 1 मे 2003 ला सुरू झालेल्या या विश्वकोशाची संपूर्ण प्रत विकिमीडिया वेळोवेळी एक्सएमएल फाइलच्या रूपात खुली करते, आणि संगणकाला मराठी शिकवू पाहणारे बहुतेक जण कधी ना कधी तिच्यापाशी येतात. या फाइलमध्ये ‘आयडी’ हा टॅग प्रत्येक पानात तीन ठिकाणी येतो: पानाचा, आवृत्तीचा आणि संपादन करणाऱ्या सदस्याचा. नावाने ‘आयडी’ मागितले तर तिन्ही क्रमांक एकाच रांगेत येतात. सदस्य नाव न नोंदवता लिहिणारा असेल तर तिसरा येतही नाही, त्यामुळे दर तिसरा घ्यावा असा हिशेबही करता येत नाही. ‘टायटल’ मागितले तर लेखांबरोबर साच्यांची, वर्गांची आणि प्रकल्पपानांचीही शीर्षके येतात. ती गाळायला शेजारच्या ‘एनएस’ टॅगमधला आकडा पाहावा लागतो, जो लेखांसाठी शून्य असतो. आणि नवख्याला सगळ्यात आधी जो धक्का बसतो तो वेगळाच: एलिमेंटट्रीला ‘पेज’ मागितले तर एकही पान मिळत नाही. फाइलच्या मूळ टॅगवर नेमस्पेस, म्हणजे टॅगांचे जणू आडनाव, जाहीर केलेला असतो, आणि त्यामुळे प्रत्येक टॅगचे पूर्ण नाव नेमस्पेससकट धरले जाते. फाइल उघडून पाहणाऱ्याला डोळ्यांसमोर हजारो ‘पेज’ दिसत असतात आणि साधन म्हणत असते की इथे असे काही नाही.

नेमस्पेस सांभाळून ‘टेक्स्ट’ पर्यंत पोचलो, तरी आत मिळते ते साधे मराठी गद्य नसते. तिथे विकीची स्वतःची खुणांची भाषा असते, जिच्याबद्दल एक्सएमएलला काहीच माहीत नाही. पिसा विद्यापीठातल्या जुझेप्पे अत्तार्दी यांचे विकिएक्स्ट्रॅक्टर हे साधन ती खरडून काढते आणि जगभर वापरले जाते. पण साचे उलगडले गेले नाहीत तर साच्यात लिहिलेले आकडे गळून पडतात, आणि ‘शहराचे क्षेत्रफळ आहे’ अशी अंगातला प्राण गेलेली वाक्ये मागे उरतात. अशी वाक्ये व्याकरणाने पुरेशी शुद्ध असतात, म्हणून कोणतीही चाळणी त्यांना अडवत नाही.

मजकूर टॅगच्या पोटात असतो हे गृहीतकही नेहमी खरे नसते. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल एक्सएमएलमध्ये असते. तिच्यात पत्त्याचा टॅग आहे, पण घर, रस्ता, वस्ती, गाव, जिल्हा, पिनकोड हे सगळे त्या टॅगचे ॲट्रिब्यूट आहेत. टॅगच्या आत काहीही नाही. दीक्षितपुऱ्यातल्या रहिवाशाचा पत्ता टॅगच्या नावाने मागितला तर हाती शून्य येते. उलट, त्या फाइलमधला ‘सगळा मजकूर’ मागितला तर बाहेर पडते ते छायाचित्र, अक्षरांच्या लांबलचक माळेत रूपांतर केलेले, आणि डिजिटल सहीची तशीच माळ. पत्त्याचे एकही अक्षर नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या फाइलींत तर ठिकाणाची वर्णनात्मक माहिती ‘टॅग’ याच नावाच्या टॅगांत, तीही ॲट्रिब्यूटमध्ये, लिहिलेली असते. तिथे टॅगच्या नावाने शोधण्यात काहीच अर्थ उरत नाही.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा: एवढे सोपस्कार कशाला, दोन खुणांमधले सगळे उचलणारी एक ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहिली की झाले. एखादी फाइल एकाच प्रोग्रॅमने बनवलेली असेल, तिची मांडणी कधी बदलणार नसेल आणि काम आज संध्याकाळपर्यंतचेच असेल, तर हे खरे आहे. त्या ओळीला नावे ठेवण्यात काही मतलब नाही. पण एका टॅगच्या पोटात त्याच नावाचा टॅग आला, की अशी ओळ पहिल्या मिटत्या खुणेपाशी थांबते आणि बाहेरच्या टॅगचा उरलेला मजकूर गमावते. टिप्पणी म्हणून झाकून ठेवलेला जुना मसुदाही ती इमानाने उचलते. आणि वर ‘गढा’चे झाले ते तिच्यामुळेच. युनिकोड मराठीलाही तोच धोका आहे: काही प्रोग्रॅम देवनागरी अक्षरांऐवजी त्यांचे क्रमांक लिहितात. ‘म’ साठी 2350, ‘र’ साठी 2352, कान्यासाठी 2366, ‘ठ’ साठी 2336 आणि दीर्घ वेलांटीसाठी 2368. एक्सएमएल वाचणाऱ्या साधनाला यात ‘मराठी’ दिसते. ओळी वाचणाऱ्याला आकडे दिसतात. रोमन लिपीच्या फाइलींत असे आकडे क्वचित येतात, म्हणून ती सवय तिथे चालून गेली.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: खरा पार्सर, म्हणजे एक्सएमएल रीतसर वाचणारे साधन, अख्खी फाइल स्मृतीत झाडासारखी उभी करतो आणि फाइलच्या कित्येक पट जागा खातो, विकिपीडियाची उलगडलेली प्रत साध्या लॅपटॉपला झेपत नाही. हे झाड उभारणाऱ्या पद्धतीबद्दल खरे आहे. पण 1998 पासून सॅक्स नावाची दुसरी पद्धत उपलब्ध आहे, जी फाइल वरून खाली एकदाच वाचते आणि टॅग उघडला, अक्षरे आली, टॅग मिटला एवढ्या बातम्या देत जाते. एलिमेंटट्रीच्या ‘इटरपार्स’ने एक पान पुरे झाले की ते वापरून टाकून देता येते. पत्त्याची आठवण मात्र तुम्हाला स्वतः ठेवावी लागते. वाचताना आपण कुणाच्या पोटात आहोत याची रांग सांभाळणे हा या पद्धतीचा खर्च आहे, आणि तो परवडण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता भाषा समजणारी प्रतिमाने आली. त्यांना कचरा दिला तरी ती अर्थ काढतात, मग टॅगचा एवढा सोवळेपणा कशाला? पण ही प्रतिमाने ज्या मराठीवर शिकतात ती याच साधनांनी काढलेली असते. ‘जबलपूर च्या’ त्यांनी हजारदा वाचले तर तीही तसेच लिहू लागतील. इंग्रजीत मजकुराचा महापूर आहे, तिथे काही टक्के बिघडला तरी वाहून जातो. मराठीच्या वाट्याला आलेला साठा त्या मानाने तुटपुंजा आहे, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा, जबलपूर, इंदूर, बडोदे, तंजावर इथल्या मराठीचा, तर अगदीच. शिवाय टॅगने काढलेला मजकूर आज आणि दहा वर्षांनी तोच येतो. तो पुरा आला की नाही हे मोजता येते. प्रतिमानाने ‘काढून दिलेल्या’ मजकुरातून एक ओळ गळली तर ती गळली हे कळायला मूळ पान हातात घ्यावे लागते.

राहिला कष्टाचा प्रश्न. एवढ्या खुणा करायला माणसे कुठून आणायची? टीईआय ही ग्रंथांच्या खुणांची आंतरराष्ट्रीय पद्धत 1987 पासून घडते आहे आणि तिच्यात आज पाचशेहून अधिक टॅग आहेत. तो आकडा ऐकूनच कोणतीही छोटी संस्था कागद परत कपाटात ठेवील. पण सगळे टॅग कोणालाच लागत नाहीत. खुणांच्या या घराण्याचा उगमही असाच एका मर्यादित गरजेत आहे: आयबीएममध्ये 1969 च्या सुमारास चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी वकिलांच्या कागदपत्रांसाठी जीएमएल तयार केली, तिच्यातून 1986 ची एसजीएमएल आली आणि 10 फेब्रुवारी 1998 ला एक्सएमएल 1.0. गोल्डफार्ब स्वतः वकील होते. कोणत्या कागदातला कोणता भाग पुढे शोधावा लागेल, हे त्यांना व्यवसायामुळे ठाऊक होते आणि खुणा तेवढ्यापुरत्याच होत्या. एखाद्या मंडळाचे जुने अहवाल उतरवून घेताना शीर्षक, दिनांक, परिच्छेद, व्यक्ती, स्थळ एवढे पाच टॅग, भाषेचे ॲट्रिब्यूट आणि नावाच्या मूळ रूपाचे ॲट्रिब्यूट पुरेसे आहेत. प्रत्यय टॅगच्या बाहेर ठेवायचा हा नियम पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवला, तर निम्मे भांडण मिटते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांनी आणि घराण्यांनी म्हणून एवढे करावे. कागद टंकून घेणाऱ्याकडून फक्त साध्या मजकुराची फाइल घेऊ नये, खुणा असलेली एक्सएमएल किंवा निदान मूळ डॉक्सएक्स मागून घ्यावी, आणि फॉन्टचे नाव लिहून घ्यावे. मजकूर काढल्यावर मूळ फाइलमधले परिच्छेद आणि बाहेर आलेले परिच्छेद मोजून जुळतात का पाहावे. सुट्या पडलेल्या ‘च्या’, ‘ला’, ‘ने’ चा शोध घ्यावा. ठिपक्यांचे वर्तुळ आणि ‘-सजय’ शोधावे. तासाभराचे काम आहे. खुणा असलेल्या फाइलमधून साधा मजकूर केव्हाही, कितीही वेळा नव्याने काढता येतो. साध्या मजकुरातून खुणा परत मिळवायच्या तर सगळे पान पुन्हा वाचायला माणूस बसवावा लागतो.